ताप मॅडम

आमच्या कॉलेजातल्या एका सरांच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट. बुफेच्या रांगेत मॅडम आमच्या पुढेच होत्या. पुलावाच्या भांड्यापाशी त्या थांबल्या, पर्समधून पेनासारखं काहीतरी काढलं, त्याचं टोपण उघडलं आणि आतली लांब सुई सरळ पुलावात खुपसली. कॅटरिंगवाला धावत आला.

"मॅडम, काय करताय?"

"ताप बघतीय."

"कोणाचा?"

"पुलावाचा. उतरलाय की. चढवा परत."

कॅटरिंगवाल्याला वाटलं, बाई सरकारी खात्यातून तपासणीला आल्या. त्याने घाईघाईने सगळी भांडी शेगडीवर चढवली आणि कोशिंबिरीखाली बर्फ सारला. मॅडमनी पानात दोन वेळा पुलाव वाढून घेतला, मिटक्या मारत खाल्ला आणि निघताना त्याच कॅटरिंगवाल्याला शाबासकी दिली. त्या दिवसापासून त्या आमच्यासाठी 'ताप मॅडम' झाल्या. त्यांना हे नाव कळलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या, की वर्गात स्वतःच "ताप आला रे, बसा" म्हणत शिरायला लागल्या.

खारघरच्या कॉलेजात त्या आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मूळच्या कराडकडच्या. बुटक्या, गुटगुटीत, घोट्याच्या वर नेसलेली सुती साडी आणि खाली पांढरे पळायचे बूट. आवाज असा, की बाजूच्या वर्गातले मराठीचे सर शिकवायचं थांबवून आतड्यांविषयी ऐकत बसायचे. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या पोटात एवढी अब्जावधी पोरंबाळं नांदतायत, आणखी कुणाला कुठं ठेवू?"

त्यांना जंतूंची भीती नव्हती आणि रागही नव्हता. गाडीवरची पाणीपुरी त्या खायच्या, पण आधी गाडीवाल्याचे हात आणि पाण्याचा पिंप बघायच्या. आवडलं नाही तर त्याला तिथेच हात धुवायला लावून मग खायच्या. "जंतू वाईट नसतो गं," त्या म्हणायच्या. "तो नुसता भुकेलेला असतो. गरम ते माणसाचं, गार ते माणसाचं, कोमट राहिलं की ते त्याचं. एवढी वाटणी पाळली की भांडण नाही." त्यांचं दुसरं एक आवडतं वाक्य होतं, पोट म्हणजे आपल्या आतून जाणारा रस्ता. आपण गिळलं म्हणजे ते आपलं झालं असं नाही. ते अजून रस्त्यावरच असतं, आतड्याच्या भिंतीतून आत आलं तरच घरात आलं.

ही भिंत त्यांनी आम्हाला ज्या दिवशी शिकवली तो दिवस आमच्या बॅचमधलं कोणीच विसरलेलं नाही. त्यांनी फळ्यावर काही काढलंच नाही. अर्ध्या वर्गाला एकमेकांचे हात धरून रांगेत उभं केलं. "तुम्ही आतड्याचं अस्तर. आणि मी साल्मोनेला." मग मागच्या बाकावरच्या दोघांना दारापाशी सॅका घेऊन उभं केलं. "तुम्ही जठरातलं आम्ल. मी आत आले की मारायचं."

त्या आत आल्या. दोघं नुसते बघत राहिले.

"मारा की! आम्ल कधी लाजतंय काय?"

त्यांनी भीत भीत सॅका लावल्या. मॅडम अंग चोरत पुढे सरकल्या. "इथं माझ्यासारखे ढिगानं मरतात. पण मी घोळक्यानं आले, अंड्यातनं आले, दुधातनं आले. थोडे वाचतातच."

रांगेपाशी आल्यावर त्या धक्का मारतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हातातला खडू माझ्या खांद्याला हलकेच टोचला. "ह्या जंतूकडं सुईसारखं हत्यार असतंय. तो पेशीला चिकटतो, टोचतो आणि आपली काही प्रथिनं आत सोडतो. ती आत जाऊन पेशीला सांगतात, हात सोड आणि ह्याला कवेत घे. चल, घे मला कवेत."

मी शेजारणीचा हात सोडून मॅडमना मिठी मारली. वर्ग हसला.

"हसू नका. बघा, दार फोडलं का मी? पेशीचं आवरण लाटेसारखं उठतं आणि तीच त्याला आत ओढून घेते. आता बाकीच्यांना कळलं, घरात परका शिरला. ओरडा! पांढऱ्या पेशींना हाका मारा! पाणी सोडा, वाहून काढा त्याला!"

पन्नाससाठ पोरं जीव खाऊन ओरडायला लागली. प्रिन्सिपॉल पळत आले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"जुलाब, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

मी दिवाळे गावची. बेलापूरच्या खाडीकाठी आमचं घर आहे. बाबांची होडी आणि आईची पाटी यावर आमचं चालायचं. आई खारघरच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर मासे घेऊन बसायची, माझं कॉलेज तिथून जवळच. मी जंतू शिकते हे आईला पटलेलं नव्हतं. "लोकांच्या पोरी कॉम्प्युटर शिकतान, आमची किरे शिकते," असं ती शेजारणींना सांगायची. एका रविवारी मॅडम न सांगता आमच्या दारात उभ्या राहिल्या. जेट्टी बघायला आले म्हणाल्या. आईने निवट्यांचं कालवण केलं होतं. त्या चिखलातल्या माशाकडे बघून आमच्या कॉलेजातले भलेभले तोंड फिरवतात, मॅडमनी तीन निवट्या खाल्ल्या आणि मग आईच्या बर्फाच्या पेटीत ती तापमापकाची सुई खुपसली. आकडा बघून माझ्याकडे वळल्या. "तुझ्या आईचा बर्फ आपल्या प्रयोगशाळेच्या फ्रिजपेक्षा बरा आहे गं." आईला त्यातलं फारसं कळलं नाही, पण बाई मनापासून जेवली हे कळलं. तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना, आई बसायची त्या सोसायटीचा एका शनिवारी वार्षिक कार्यक्रम झाला. संध्याकाळी रहिवाशांनीच खाण्याचे स्टॉल लावले होते. एका कुटुंबाचा माशांचा स्टॉल होता. बोंबील आणि सुरमई आईकडूनच नेलेली, समोर कढईत तळून देत होते. बायकांच्या मंडळाचा सँडविचचा स्टॉल होता. कोणी पाव आणले, कोणी काकडी-टोमॅटो चिरले, कोणी मेयोनीज केलं. बाकी पाणीपुरी, आईस्क्रीम वगैरे.

दुसऱ्या दिवशी एकेका घरात ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. सोमवारपर्यंत कितीतरी घरांत कोणी ना कोणी आडवं झालं होतं. काहींना हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्यात एक म्हातारे आजोबा होते आणि एक लहानगा मुलगा. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी आईचा फोटो टाकला. गेटवर पाटीमागे बसलेली, डोक्यावर पदर, हातात कोयता. खाली लिहिलं होतं, हिच्याकडचे मासे खाऊन ही वेळ आली, कृपया कोणी घेऊ नये.

मंगळवारी वॉचमनने आईला बसू दिलं नाही. तो फोटो शेजारच्या सोसायट्यांतही फिरला होता, त्यामुळे आमच्या गावातल्या इतर बायकांनाही लोक परत पाठवायला लागले. आई भरलेली पाटी तशीच घेऊन घरी आली. ती रडली नाही, भांडली नाही. ओट्यावर बसून राहिली. "माज्या मच्छीनी कोनाला काय झालं नाय गं," एवढंच म्हणाली. आणि मग, "का खरंच झालं आसंल?" तो तिच्या आवाजातला संशय मला सहन झाला नाही.

मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील, आईची बाजू घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. "ताप कधी आला लोकांना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"दुसऱ्या दिवशी."

"तासाभरात अंग लाल झालं, मळमळलं, असं कुणाला?"

"नाही."

"मासा बाहेर राहून बिघडला असता तर त्यानं बहुतेक लगेच दणका दिला असता. हा जंतू आत गेलाय, चिकटलाय, वाढलाय, मग दुसऱ्या दिवशी घंटा वाजवलीय. हॉस्पिटलात तपासणी केली असंल, त्यात काय आलं?"

हॉस्पिटलच्या तपासणीत साल्मोनेला आला होता. मॅडमनी मान हलवली. "हा जास्त करून कोंबडीच्या घरचा पाहुणा. पण 'जास्त करून' म्हणजे पुरावा नव्हे. मासाही हाताळताना त्याला गाठू शकतो. तुझी आई असंल तर मी तसंही सांगेन. चालेल?"

मी हो म्हटलं.

सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांना घरोघर चौकशी करायची परवानगी दिली नाही. पण नाही म्हणायलाही त्याला फट मिळाली नाही, कारण मॅडम बोलता बोलता लिफ्टमध्ये शिरल्या होत्या. आम्ही चार विद्यार्थी त्यांच्या मागे. त्या घराघरात गेल्या, आधी आजाऱ्याची चौकशी केली, साखर-मिठाचं पाणी किती पाजताय ते विचारलं, आणि मगच काय खाल्लं होतं ते. गंमत म्हणजे जी घरं ठणठणीत होती तिथेही त्या बसायच्या. एका बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे बरे आहेत हो."

"म्हणूनच आले. आजारी माणूस नुसतं काय खाल्लं ते सांगतो. बरा माणूस काय खाऊन काही झालं नाही ते सांगतो. ते जास्त मोलाचं."

दोन संध्याकाळी हे चाललं. चित्र हळूहळू दिसायला लागलं. नुसते मासे खाल्लेली माणसं धडधाकट होती. आजारी पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाने सँडविच खाल्लं होतं. मेयोनीज कोणी केलं, हे विचारत आम्ही एका घरी पोचलो. दार उघडणारी मुलगी पंचविशीची असेल. हॉस्पिटलात असलेला तो लहानगा तिचाच. कपडे घ्यायला ती घरी आली होती. मॅडमनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, पण दार अर्धवट उघडं होतं. तिने मोबाइलवर बघून घरीच कच्च्या अंड्यांचं मेयोनीज केलं होतं. दुपारी. फ्रिज भरलेला होता, म्हणून बरणी ओट्यावर राहिली संध्याकाळपर्यंत. बरणी केव्हाच धुऊन ठेवली होती, तपासायला काही उरलं नव्हतं.

"म्हणजे मीच माझ्या पोराला..." तिने हातातले कपडे तिथेच टाकले.

"ऐक," मॅडमचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ते अंड्यातनं आलेलं दिसतंय. तू त्याला बोलावलं नाहीस, तुला ते दिसलंही नसतं. आणि तुझं लेकरू बरं होतंय. आतड्याचं अस्तर सारखं नवं होत असतं. जुन्या पेशी गळतात, खालून कोवळ्या वर येतात. आत्ता, आपण बोलतोय तोवर त्याचं पोट स्वतःला विणतंय. तू फक्त पाणी पाजत राहा."

बाहेर आल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, "चला मॅडम, सापडली. ग्रुपवर टाकूया." मॅडम तिथेच जिन्यात थांबल्या. त्या शिकत होत्या तेव्हा, त्यांनी सांगितलं, होस्टेलच्या पोरींना टायफॉइड झाला होता. मॅडमनाही झाला. लोकांनी खानावळवाल्याला धरून मारलं, त्याचं सामान रस्त्यावर फेकलं. नंतर कळलं, दोष पाण्याच्या टाकीचा होता. तोवर तो गाव सोडून गेला होता. "त्याच्या हातची आमटी मी अजून विसरले नाही. माफी मागायला तो सापडलाच नाही आम्हाला. एका बाईचा फोटो काढून दुसरीचा लावायला मी आले नाही. जंतूचं नाव सांगायचं, माणसाचं नाही."

पण बरणी धुतलेली, मेयोनीज करणारीचं नाव सांगायचं नाही, मग लोकांना पटवायचं कसं? सेक्रेटरी म्हणत होता, सँडविच खाल्लेल्यांनी मासेही खाल्ले असतील, कोणाला आठवतंय. आणि तेव्हा मॅडमना हॉस्पिटलातून घरी आलेले ते आजोबा आठवले. आजोबा माळकरी होते. मासे, मटण, अंडं आयुष्यात शिवले नव्हते. मग ते आजारी कसे पडले? त्यांनी स्टॉलवर "व्हेज आहे ना?" विचारून सँडविच घेतलं होतं आणि काकडी-टोमॅटो बघून वाढणारीने हो म्हटलं होतं.

त्यांची सून आम्हाला दारातच म्हणाली, "हात जोडते, त्यांना अंड्याचं सांगू नका. अजून अशक्त आहेत. धसका घेतील."

ह्या एका वेळी मी मॅडमना गोंधळलेलं पाहिलं. त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, समोरच्या डोंगराकडे बघत. मग आत येऊन आजोबांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली.

"आजोबा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. ऐकून तुम्हाला त्रास होईल. नाही सांगितली तर दुसऱ्याला होतोय. तुम्ही म्हणाल तर मी गप उठून जाते."

"बोला की."

मॅडमनी सांगितलं. सून दाराआड तोंडावर पदर धरून उभी होती. आजोबांची बोटं गळ्यातल्या माळेवर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी विचारलं, "देणाऱ्या मुलीला ठाऊक होतं का?"

"नाही."

"आणि ती मासेवाली?"

"रोज गेटावरनं परत जाती."

मी मॅडमच्या मागे उभी होते. मी तिची मुलगी, हे आजोबांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सुनेला हाक मारली. "सोसायटीची मीटिंग कधी आहे ते विचार सेक्रेटरीला."

मीटिंग क्लबहाउसमध्ये होती. मॅडमनी आईला मुद्दाम बोलावलं होतं. ती दाराशी उभी होती, खुर्ची दिली तरी बसली नाही. सेक्रेटरी मासेवाल्यांना गेटवर बंदी घालायचा प्रस्ताव वाचणार तेवढ्यात आजोबा मुलाच्या आधाराने उठले.

"मी मासे खात नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मी आजारी पडलो. मी सँडविच खाल्लं. त्यात कच्चं अंडं होतं, त्याने पडलो. नकळत का होईना, मी अंडं खाल्लं, हे मी माझ्या तोंडाने सांगतोय. यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही. त्या बाईंचा काही दोष नाही."

मग मागून कोणीतरी विचारलं, "पण ते केलं कोणी?"

"जंतूचं नाव साल्मोनेला," मॅडम उठून म्हणाल्या. "माणसाचं विचाराल तर मी चालले. थांबलात तर पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगते." लोक थांबले. त्यांनी खुर्च्या हलवून पहिल्या रांगेला हात धरायला लावले आणि तिथे, सेक्रेटरीला आम्ल करून, सगळं आतडं पुन्हा उभं केलं. शेवटी सगळे हसत होते. फक्त शेवटच्या रांगेत ती मुलगी खाली मान घालून बसली होती.

ग्रुपवर तसा मेसेज टाकायचं ठरलं. आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "माजा फोटू टाकला तवा मोटा टाकला. आता पन मोटाच टाका." फोटो मोठाच टाकला गेला. बाहेर पडताना मॅडमनी आजोबांना विचारलं, माळेचं काय करणार. आजोबा म्हणाले, "राहू दे. आज गप्प बसलो असतो तर उतरवून ठेवली असती."

आई पुन्हा गेटवर बसायला लागली. पहिले काही दिवस गिऱ्हाईक लांबूनच बघायचं, मग जवळ आलं. एका सकाळी ती मुलगी खाली आली. कडेवर मुलगा, वाळलेला पण डोळ्यांत चमक आलेला. ती आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, ते मी केलं होतं." आणि रडायला लागली.

हे मला संध्याकाळी आईनेच सांगितलं. मी विचारलं, "मग तू काय बोललीस?"

"काय बोलू? इचारलं, पोराचं पोट बरं हाय का आता? हाय म्हनाली. मग मांदेली दिली साफ करून. सांगितलं, पातळ कालवण कर, काटा काढून घाल त्याला. पन चांगलं उकळून घे बाय."

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना हे सगळं सांगितलं. प्रयोगशाळेत बाकीचे काचेच्या बशा मांडत होते. मॅडमनी हातातलं काम बाजूला ठेवलं. चष्मा काढला, साडीच्या पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"हे मी शिकवलं नव्हतं हं तिला," त्या म्हणाल्या. मग वर्गाकडे वळून ओरडल्या, "प्रॅक्टिकल आज लवकर सुटलं!" आणि मला म्हणाल्या, "चल, दिवाळ्याला. तुझ्या आईशेजारी जरा बसायचंय मला."